चार, सात, नऊ

१

बारा नळ्या. उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर. बाराही नळ्यांवर निळ्या शाईत 'नर'.

मल्लेशला स्टीलचा पेला ओठाशी न्यायला आता दोन्ही हात लागतात.

प्राणीगृहातला एसी शनिवारी दुपारी बंद पडला. दुरुस्तीवाला सोमवारी फोनवर म्हणाला, "रंगपंचमी होऊ द्या, मग बघतो."

उंदीर क्रमांक सात. १७ मार्च, २६.५ ग्रॅम. २४ मार्च, २७.० ग्रॅम. ३१ मार्च, २७.५ ग्रॅम.

क्रांती शिंकायला लागली की सलग दहा-अकरा वेळा शिंकते.

शाहूपुरीतल्या एका गुळाच्या दुकानात सरोजिनीने एकदा पारड्याच्या तळाला चिकटवलेला, चिंचोक्याएवढा शिशाचा तुकडा शोधून काढला होता. दुकानदाराने तिला आधी पाणी विचारलं होतं.

'प्रक्रियेच्या वेळी मी स्वतः हजर होते.' खाली सही.

२

शुक्रवारी अकरा वाजता शांभवीचं पीएच.डी.चं काम संपणार होतं. आज मंगळवार होता.

पत्रात तसं लिहिलं नव्हतं. पत्रात 'निष्कर्षांच्या सत्यतेबाबत गंभीर शंका' असं लिहिलं होतं. पण तिच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली होती, आणि संशोधन संस्थेत किल्ली काढून घेतलेला माणूस परत आलेला कुणी पाहिला नव्हता.

प्रकरण असं. स्नायूंना आतून धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते बनवणाऱ्या जनुकात एका अक्षराचा बिघाड झाला की प्रथिन बनत नाही, आणि स्नायू थोडे थोडे तुटत जातात. पण गोष्ट एका जनुकावर थांबत नाही. त्या एकाच्या गप्प बसण्याने इतर शेकडो जनुकांचा आवाज बदलतो. काही ओरडायला लागतात, काही कुजबुजतात. उंदराच्या पायाच्या स्नायूत कोण किती बोलतं, हे शांभवी मोजत होती.

गेल्या वर्षीच्या खेपेत सहा निरोगी नर होते, सहा बिघाडाचे. फरक स्वच्छ दिसला. लेख पाठवला. परीक्षकांनी कळवलं, पुन्हा करून दाखवा. या वर्षी पुन्हा केलं, आणि बिघाडाच्या सहापैकी तिघांचे स्नायू निरोगी निघाले. क्रमांक चार, सात, नऊ.

कसलंही औषध न देता असा उंदीर बरा होत नाही. म्हणजे एक तर दुसरी खेप चुकली, नाही तर पहिली बनवलेली होती. तिचे मार्गदर्शक डॉ. अमरसिंह यांनी दुसरा पर्याय निवडला.

प्राण्यांवरच्या प्रयोगांची देखरेख करणाऱ्या समितीत एक सदस्य विज्ञानाबाहेरचा लागतो. इथे तो सदस्य म्हणजे सरोजिनी. वय चौसष्ट, वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त. शुक्रवारच्या आत चौकशी कोण करणार, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा बाकीच्यांनी डायऱ्या उघडल्या. सरोजिनीकडे डायरी नव्हती.

३

डॉ. अमरसिंह खुर्चीतून उठले नाहीत.

"यंत्र खोटं बोलत नाही मॅडम. पोरी बोलतात."

"पोरं नाही बोलत?"

"माझ्याकडे सध्या पोरीच आहेत."

"प्राणीगृहात शेवटचं कधी गेला होता?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "उद्घाटनाला."

सरोजिनीने वहीत लिहिलं: दुसरी खेप चुकली, तर प्रयोगशाळा चुकली. पहिली बनावट, तर एक मुलगी चुकली. दुसरं स्वस्त पडतं.

क्रांती वरच्या मजल्यावर होती. स्नायूचे तुकडे तिच्याकडे येत. त्यातून आरएनए वेगळं काढायचं काम तिचं. शांभवीहून दोन वर्षं पुढची, आणि अजून एकही लेख नाही.

"सगळ्यांना वाटतंय मीच नळ्या बदलल्या," ती म्हणाली. "आमचं दोघींचं पटत नाही हे कॅन्टीनवाल्यालासुद्धा माहीत आहे."

"बदललात?"

"मी बदलल्या असत्या तर तीनच कशाला? सहाच्या सहा बदलल्या असत्या. काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही."

"प्राणीगृहात जाता?"

"उंदराच्या केसांनी मला धाप लागते. दोनदा दवाखान्यात नेलंय. त्या दाराचं कार्डच मी घेतलेलं नाही." मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, मला ती आवडत नाही. पण ती आकडे बनवणारी नाही. हे माझं नाव घालून लिहा."

४

मल्लेश शांभवीचा धाकटा भाऊ. वय अकरा. घर गडहिंग्लजच्या पुढे, सीमेजवळ. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी; आई बसव्वा, तिला दोघं अव्वा म्हणतात. उंदरातलं ते बिघडलेलं जनुक त्याच्यातही बिघडलेलं आहे.

"अक्का, तुझे उंदीर बरे होतात काय?"

"त्यांना औषध देत नाही रे अजून. आत काय काय बिघडतं ते आधी बघतोय."

"म्हणजे नुसतं बघताय."

"हं."

"मग अव्वासारखंच की," मल्लेश म्हणाला आणि खिडकीकडे वळला. वळायला त्याला वेळ लागला.

५

प्राणीगृहाचा सगळा कारभार कृष्णातकडे होता. कबनूरचा माणूस. आधी वीस वर्षं यंत्रमागावर काढलेली. त्या खडखडाटाने एक कान गेलेला, म्हणून बोलणं मोठ्याने.

"या की मॅडम. आधी पायात ती प्लास्टिकची पिशवी घाला. उंदरास्नी भायेरची घाण सोसत न्हाय."

"मला वजन करून दाखवा."

त्याने पिंजऱ्यातून एक उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून उचलला, लगेच तळहातावर घेतला आणि काट्यावरच्या डब्यात सोडला. आकडे नाचायला लागले. २४.१. २४.७. २३.९.

"यातला कुठला धरायचा?"

"थांबंल तवा थांबंल, त्यो धरायचा. गडी काय फोटोला बसलाय व्हय?"

वजनाची नोंदवही दर सोमवारची होती. सरोजिनीने दुसऱ्या खेपेच्या बारा ओळींवरून बोट फिरवलं. २६.१, २५.८, २७.३, २६.९. विस्कटलेले, खरे आकडे. मग तिचं बोट थांबलं. सतरा मार्चपासून तीन ओळींत दशांशापुढे फक्त शून्य आणि पाच. दर आठवड्याला अर्धा ग्रॅम वाढ, अगदी मोजून मापून.

चार, सात, नऊ.

"सतरा तारखेपासून हे तिघं शहाण्यासारखे बसायला लागले वाटतं."

कृष्णात हसला नाही. "वय झालं की बसत्यात."

"तीन महिन्यांत?"

तो पाण्याची बाटली बदलायला गेला. बाटली भरलेली होती.

६

बुधवारी शांभवी संस्थेच्या पायऱ्यांवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आत जायला किल्ली नव्हती. दोन दिवस जेवली नसावी. बोलताना शब्दांच्या मध्ये ती श्वास घेत होती.

"मी सगळं दहादा तपासलंय मॅडम. चूक नाही. चूक नाही हेच वाईट आहे."

सरोजिनी शेजारी बसली. "दुकानदार पारड्यात काय आहे ते दाखवतो. मी पारडं उलटं करायची. तू यातून काय बाजूला काढलंस?"

"बाजूला?"

"मोजायच्या आधी. बिनकामाचं म्हणून."

शांभवीने डोळे मिटून आठवलं. "बारा हजार जनुकांतली काही सुरुवातीलाच काढतो. नर-मादीची. सगळे नरच आहेत, मग त्यांचं काय करायचं?"

"फेकून दिलीस?"

"नाही. वेगळ्या फाइलमध्ये आहेत."

"उघड."

फाइल उघडली. शांभवीने वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "याला झिस्ट म्हणतात. मादीला दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं एक गप्प ठेवायचं काम याचं. नराला एक्स एकच. म्हणून नरात हे बोलतच..."

तिचं बोट ओळीवरून पुढे सरकत गेलं. बारा रकाने. नऊ रकान्यांत शून्य. तीन रकान्यांत चार-चार हजार.

"आणि त्याखालची ओळ?" सरोजिनीने विचारलं.

"ती वाय गुणसूत्रावरची. ती फक्त नरातच भरलेली असते." तिथे उलटं होतं. नऊ रकाने भरलेले, तीन रिकामे.

पायऱ्यांवरून कुणीतरी गेलं. शांभवीने पाय आवरले नाहीत.

"चार, सात, नऊ माद्या आहेत," ती म्हणाली.

"कुठून आल्या?"

"बहिणी असतील. त्याच विणीतल्या, शेजारच्या पिंजऱ्यातल्या. बहिणींकडे त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. म्हणून स्नायू निरोगी दिसले." तिने लॅपटॉप मिटला. "भावांच्या जागी बहिणी ठेवल्यात कुणीतरी."

७

मल्लेशकडे एक वही आहे. पाठीमागे पाढे, पुढे त्याचा स्वतःचा प्रयोग. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं राहायचं, मग पाठ सोडायची, आणि पडायच्या आधी खाली बसायचं. घड्याळ धरायला अक्का. अक्का घरी असेल त्या रविवारी.

उभा: ४१ सेकंद. उभा: ३८. उभा: ३९. उभा: २७.

अव्वाने एकदा म्हटलं, तीस लिहून टाक की, कोण बघतंय. मल्लेशने तिच्याकडे असं पाहिलं की बसव्वा चुलीकडे वळली.

८

गुरुवारी सकाळी सरोजिनीने सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. डॉ. अमरसिंह घड्याळ बघत बसले. क्रांती खिडकीपाशी. शांभवी टेबलाच्या टोकाला. कृष्णात आत यायला तयार नव्हता. दारातच उभा राहिला.

"अदलाबदल नळ्यांची झालेली नाही," सरोजिनी म्हणाली. "या खेपेत मादी नव्हतीच, मग मादीची नळी येणार कुठून? उंदीरच बदलले गेले, जिवंत असताना. सतरा मार्चच्या सुमाराला. माद्या हलक्या असतात, खरं वजन लिहिलं असतं तर कळलं असतं. म्हणून त्या दिवसापासून वजनं मनाने लिहिली गेली."

"म्हणजे शांभवीने..." डॉ. अमरसिंह म्हणाले.

"थांबा. ज्याला जनुकं वाचता येतात, तो नराच्या जागी मादी ठेवेल? एक ओळ वाचली की पकडला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तुम्ही नाही. क्रांती नाही, ती त्या दारातून आतच जाऊ शकत नाही. शांभवीही नाही. हे अशा माणसाने केलं, ज्याला वाटलं की कातडं निघालं की मांस ते मांस. त्याला नर काय नि मादी काय, कोण विचारतंय."

कुणी दाराकडे पाहिलं नाही. पण खोलीतला प्रत्येकजण दाराकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. कृष्णातने डोक्यावरची कागदी टोपी काढून हातात घेतली.

"आता एकच प्रश्न उरतो," सरोजिनी म्हणाली, आणि ती कृष्णातकडे नाही, शांभवीकडे वळली. "उंदीर कापताना मादी ओळखायला यंत्र लागत नाही. डोळे लागतात. कापल्याच्या दिवशीच्या, सात एप्रिलच्या नोंदीवर 'मी स्वतः हजर होते' असं आहे. सही तुझी आहे, पोरी."

९

मल्लेशचं निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर घराचा तक्ता काढला होता. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. मल्लेशचा चौकोन त्यांनी पूर्ण काळा केला. बसव्वाचा गोल अर्धा. मग रक्त तपासून आल्यावर शांभवीचाही अर्धा.

"मुलींना बहुधा काही होत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "त्यांची दुसरी प्रत चांगली असते."

मल्लेशने तो कागद मागून घेतला आणि अक्काच्या गोलाचा उरलेला अर्धा भाग पिवळ्या खडूने रंगवला.

१०

"सोमवारी सकाळी दार उघडलं तवा आत भट्टी झालती," कृष्णात म्हणाला. आता तो हळू बोलत होता, आणि त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नसावा. "एसी शनवारपासनं बंद. तीन गेलतं. चार, सात, नऊ. आधीच कमजोर, त्यास्नी उष्मा सोसला न्हाय."

"सुट्टीत बघायला कुणाची पाळी होती?"

तो शांभवीकडे बघायला लागला.

"मामा," शांभवी म्हणाली. "सांगा."

"ताईंची. पर त्या गावाकडं गेलत्या."

डॉ. अमरसिंह यांनी खिशातून पेन काढलं.

"मी ताईस्नी सांगणारच हुतो. पिशवीत घालून दारात उभा हुतो. तवर ताई आल्या, त्या रडतच. का, ते मी इचारलं न्हाय. मला म्हणल्या, कृष्णातमामा, या बारातला एक जरी गेला तर माझं संपलं. आता परत सुरू करायला येळ न्हाय माझ्याकडं. मॅडम, त्या येळेला पिशवी माझ्या हातात हुती. पाठीमागं धरली मी."

"आणि बहिणी?"

"जादा नर फेब्रुवारीतच दिलतं दुसरीकडं. बहिणीच उरल्या हुत्या. कानाला नंबराची खाच पाडायचा पंच माझ्याकडंच असतो की. म्हटलं, एकाच आईची हायती, उन्नीस-बीस फरक असंल." त्याने टोपीची घडी घातली, उलगडली. "मेलेल्यांचं वजन मात्र केलं मी. हाताला सवय. कॅलेंडरच्या पाठीमागं लिवलंय. चोवीस पॉइंट आठ, सव्वीस पॉइंट तीन, पंचवीस पॉइंट सहा. ते खरं हाय."

"कापलंत तुम्ही?"

"आधीपासनं मीच कापतोय. लिंगायताची पोर, गळ्यात लिंग हाय. तिच्या हातनं कशाला जीव घ्यायचा? ताई भायेर बाकावर बसायच्या. मी मांस काढून नळ्या भरून द्यायचो. मग सही करायच्या. मला वाटलं, सही काय, कागद हाय."

११

बाकी सगळे गेल्यावर त्या दोघीच उरल्या.

"सगळ्यांना माहीत होतं," शांभवी म्हणाली. "मी त्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. येणारे-जाणारे बघायचे. कुणी एका शब्दाने बोललं नाही. मला वाटायचं, लोक किती चांगले आहेत."

"चांगलेच आहेत."

"एकदा जरी आत गेले असते, तरी माद्या दिसल्या असत्या."

"हो."

"मॅडम, अहवालात फक्त माद्यांचं लिहिलंत तर? पाळीचं नको. सहीचं नको. मामांनी केलं, एवढंच. मी सुटते." ती हे बोलली आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिली, जणू ते हातानेच म्हटलं होतं. "मल्लेशला मी काय सांगू? माझ्याकडे घालवायला वर्ष नाहीये. त्याच्याकडेही नाहीये. माझ्या कामाने तो बरा होणार नाही, हे मला कळतं. पण काम बंद पडलं तर मी त्याच्यासाठी काहीच करत नाहीये."

सरोजिनीला तीस वर्षांत पुष्कळ दुकानदारांनी असंच सांगितलं होतं. बहुतेकांच्या घरी खरंच कुणीतरी आजारी होतं.

"काटा जे दाखवतो ते मी लिहिते," ती म्हणाली. "पण मी उद्या अकराला बोलणार आहे. तू पावणेअकराला बोलू शकतेस."

१२

शुक्रवारी समितीसमोर शांभवी साडेदहालाच बोलली. उभी राहून, कागद न घेता. पाळी तिची होती. सही खोटी होती, दोन्ही खेपांत. मामांनी जे केलं ते तिला वाचवायला केलं. पहिल्या खेपेचे आकडे खरे आहेत. बाजूला काढलेली फाइल सगळ्यांनी उघडून बघावी.

बघितली. गेल्या वर्षीचे बाराच्या बारा नर निघाले. बनावटीचा ठपका मागे घेतला. खोट्या सहीसाठी सहा महिने शिष्यवृत्ती बंद. लेख थांबवलेला, तीन नरांचं काम ती स्वतःच्या हाताने पुन्हा करेपर्यंत. कृष्णात कंत्राटी होता; त्याला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर आत घेतलं नाही. शांभवी तीन जणांच्या दारात त्याच्यासाठी जाऊन उभी राहिली. तिघांनी तिला बसायला सांगितलं आणि नाही म्हटलं.

जाताना त्याने तिला एवढंच सांगितलं, "शेपटीच्या टोकाला धरू नका ताई. बुडाला धरा. त्यास्नी दुखतंय."

ऑक्टोबरमध्ये नवी वीण मोठी झाली. शांभवीने गळ्यातलं लिंग गाऊनच्या आत घेतलं, हातमोजे चढवले आणि पिंजऱ्यात हात घातला. काचेपलीकडे क्रांती उभी होती. दाराच्या फटीतून येणाऱ्या वासानेसुद्धा ती शिंकत होती, सात वेळा, आठ वेळा, पण गेली नाही.

उंदीर तळहातावर थरथरत होता. मागचे पाय जड. नर. शांभवीने दोनदा बघून खात्री केली. काट्यावर आकडे नाचले आणि कधीतरी थांबले. २४.७. तिने तेवढंच लिहिलं.

मग तिने जे करायचं ते केलं. तोंड भिंतीकडे केलं नाही. नोंदीच्या शेवटी सही करताना तिचं अक्षर इतकं वाकडं आलं की ते तिचं वाटत नव्हतं.

मल्लेशच्या वहीतली शेवटची नोंद १६ मार्चची आहे, एसी बंद होता त्या रविवारची. उभा: ९ सेकंद. घड्याळ शांभवीच्या हातात होतं.